पडद्यावरील यहुदी घर

परक्या समाजाची ओळख करून घेण्याचे जुने मार्ग दोन : एक प्रवास आणि दुसरा ग्रंथवाचन. पहिल्यास पैसा लागतो, दुसऱ्यास सवड आणि चिकाटी. गेल्या शंभर वर्षांत तिसरा मार्ग उघडला, तो चित्रपटाचा. या मार्गानें जाणारास कांहींच सायास पडत नाहींत. दिवे मालवले कीं दुसऱ्याचें घर आपोआप डोळ्यांपुढें उभें राहतें. ही सोय जितकी मोठी तितकीच फसवी आहे. घर कोणीं उघडून दाखविलें, कोणत्या खोल्या दाखविल्या, कोणत्या खोल्यांना कुलूप घातलें आणि मुख्य म्हणजे कथेचा शेवट कोणीं ठरविला, हें विचारण्याचें प्रेक्षकास सहसा सुचत नाहीं. ज्या समाजाच्या बाबतींत हे प्रश्न विचारणें विशेष अगत्याचें आहे, असा एक समाज म्हणजे यहुदी लोकांचा.

आपल्याकडील प्रेक्षकांस 'यहुदी' हा शब्द प्रथम भेटला तो बहुधा पारशी रंगभूमीवर. आगा हश्र काश्मीरी यांचें 'यहूदी की लडकी' हें उर्दू नाटक एके काळीं फार लोकप्रिय होतें. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३३ सालीं त्याचा बोलपट काढला आणि १९५८ सालीं बिमल रॉय यांनीं 'यहूदी' या नांवानें तें पुन्हां पडद्यावर आणलें. रोमन सत्तेखालीं भरडला जाणारा यहुदी पिता सोहराब मोदी यांनीं उभा केला, आणि मीनाकुमारी व दिलीपकुमार यांचें प्रेमप्रकरण लोकांनीं डोळे पुसत पाहिलें. जुलुमाखालच्या माणसाविषयीं त्या चित्रांत खरी कणव आहे. परंतु तें रोम पारशी नाटकमंडळीच्या पडद्यांवरचें रोम होतें. यहुदी घराची रीतभात, सणवार किंवा भाषा त्यावरून कळावी अशी अपेक्षाच कोणीं केली नव्हती. ती ओळख करून घ्यावयाची तर निराळीं चित्रें पाहिलीं पाहिजेत. त्यांपैकीं कांहींचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

बापाचा आवाज आणि मुलाचा आवाज

बोलपटाचा इतिहास सांगतांना ज्या चित्राचें नांव सर्वप्रथम घेतात, तें 'द जॅझ सिंगर' न्यूयॉर्क येथें ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं प्रथम दाखविलें गेलें. तें पूर्ण बोलपट नव्हे. बहुतेक भाग मूकच असून मधूनमधून गाणें व थोडें भाषण ऐकूं येतें. या चित्राची कथा एका यहुदी कुटुंबाची आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत सुरावर प्रार्थना म्हणणारा जो अधिकारी असतो, त्यास हझ्झान म्हणतात. न्यूयॉर्कमधील एका गरीब वस्तींत राहणाऱ्या राबिनोविट्झ घराण्यांत पांच पिढ्या हें काम चालत आलेलें. मुलाला गळा उत्तम. पण त्याचा जीव नव्या अमेरिकन गाण्यांत गुंतलेला. बापाच्या हातचा मार खाऊन मुलगा घर सोडतो, नांव बदलतो आणि रंगभूमीवर गाऊं लागतो. कांहीं वर्षांनीं तो आईला भेटावयास येतो, पेटीपुढें बसून तिला आपलें गाणें ऐकवितो, थट्टेनें तिच्याशीं बोलतो. प्रेक्षक हें सारें कानांनीं ऐकत असतात. इतक्यांत बाप दारांत येतो आणि एकच शब्द उच्चारतो : "थांब !" त्या शब्दाबरोबर चित्रांतील भाषण बंद पडतें आणि पडदा पुन्हां मुका होतो. जुन्या पिढीचा निषेध याहून थोडक्यांत क्वचितच कोणीं दाखविला असेल.

शेवटीं पेंच असा येतो कीं, ज्या रात्रीं मुलाच्या मोठ्या नाटकाचा पहिला प्रयोग, तीच यहुद्यांच्या प्रायश्चित्तदिनाची रात्र. हा त्यांचा वर्षांतील सर्वांत गंभीर दिवस. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक याला पूर्वीं 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशीं ते दारें लावून घेऊन उपास करीत. बाप मृत्युशय्येवर आहे आणि प्रार्थनामंदिरांत 'कोल निद्रे' म्हणावयास कोणी नाहीं. मुलगा नाटक सोडून बापाच्या जागीं उभा राहतो. खिडकींतून त्याचा सूर ऐकत बाप प्राण सोडतो.

चित्र येथें संपतें काय ? सॅमसन राफेलसन यांच्या मूळ नाटकांत मुलगा रंगभूमीचा मोह सोडून बापाची गादी चालवितो. चित्रांत मात्र शेवटीं एक प्रवेश जोडला आहे : कांहीं काळ लोटला आहे, मुलगा पुन्हां रंगभूमीवर आहे आणि आई समोर बसून कौतुकानें ऐकत आहे. देवहि मिळाला आणि नाटकगृहहि मिळालें ! त्या प्रवेशांत नायक तोंडाला काळें फांसून नीग्रो माणसाच्या सोंगांत गातो. आज तें पाहतांना संकोच वाटतो आणि वाटलाच पाहिजे. स्वतः अवहेलना सोसलेल्या समाजाचा मुलगा अमेरिकन होण्यासाठीं दुसऱ्या अवहेलित समाजाचें सोंग घेतो, हें त्या काळाचें कटु सत्य या चित्रानें न कळत नोंदवून ठेविलें आहे.

मुख्य भूमिका करणारा अल जोल्सन स्वतः लिथुआनियांतून आलेल्या हझ्झानाचा मुलगा होता. त्याचें मूळ नांव असा योएल्सन. चित्र काढणारे वॉर्नर बंधू पोलंडमधून आलेल्या यहुदी आईबापांचीं मुलें. ज्या सॅम वॉर्नरनें ध्वनीसाठीं सर्वांत अधिक खटपट केली, तो प्रथम प्रयोगाच्या आदल्याच दिवशीं वारला. भाऊ अंत्यविधीस गेले आणि चित्राचा जयजयकार ऐकावयास त्यांच्यापैकीं कोणीच हजर नव्हता.

पडदा उभारणारे पडद्याआड

हॉलिवुडचा धंदा ज्यांनीं नांवारूपास आणला त्यांपैकीं पुष्कळजण यहुदी होते. ॲडॉल्फ झुकर व विल्यम फॉक्स हंगेरीचे, कार्ल लेम्ले जर्मनीचा, लुई मेयर रशियन साम्राज्यांतला. कोणी केसाळ कातड्यांच्या वस्त्रांचा व्यापार केलेला, कोणी मोडभंगार गोळा केलेलें. असें असतांना 'जॅझ सिंगर'नंतर यहुदी घर अमेरिकन पडद्यावरून जवळजवळ नाहींसें झालें. देशांत यहुदीद्वेष बोकाळला होता, युरोपांत तर राजरोस राज्य करूं लागला होता. आणि आपण आधीं अमेरिकन, मग बाकीचें, हें दाखविण्याची या धंदेवाल्यांना तळमळ होती.

याचें ठळक उदाहरण १९३७ सालचें 'द लाइफ ऑफ एमिल झोला'. फ्रेंच सैन्यांतील कॅप्टन ड्रायफस याला १८९४ सालीं हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. तो यहुदी होता हेंच त्या अन्यायाचें मूळ, आणि त्याविरुद्ध झोला या कादंबरीकारानें १८९८ सालीं उघड पत्र लिहून सरकाराला आव्हान दिलें. ड्रायफस प्रकरण हा या चित्राचा गाभा. तरीहि 'यहुदी' हा शब्द त्यांत कोणाहि पात्राच्या तोंडून निघत नाहीं. एका कागदावर तो क्षणभर दिसतो तेवढाच. या चित्रास त्या वर्षींचें सर्वोत्कृष्ट चित्राचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

दहा वर्षांनीं, महायुद्ध संपल्यावर, 'जंटलमन्स ॲग्रीमेंट' हें चित्र निघालें. त्यांत ग्रेगरी पेक याची भूमिका एका पत्रकाराची आहे. अमेरिकेंतील यहुदीद्वेष अनुभवावा म्हणून तो आपण यहुदी असल्याचें लोकांस सांगतो आणि मग हॉटेलांतील जागेपासून मित्रांच्या बोलण्यापर्यंत सर्व कांहीं कसें पालटतें, तें पाहतो. चित्र धीट आहे यांत शंका नाहीं. पण यहुद्याचें दुःख सांगण्यासाठींसुद्धां नायक यहुदी नसलेलाच घ्यावा लागला, आणि चित्र काढण्याचें साहस करणारा डॅरिल झॅनक हाहि यहुदी नव्हता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

न जन्मलेल्या मुलांची सोयरीक

हॉलिवुड असें मौन धरून बसलें असतां पोलंडांत व न्यूयॉर्कमध्यें कांहीं मंडळी यहुद्यांच्या घरगुती भाषेंत, म्हणजे यिद्दिशमध्यें, बोलपट काढीत होती. ही भाषा जर्मनच्या कुळांतली, पण लिपि हिब्रू आणि शब्दसंग्रहांत हिब्रू व स्लाव शब्दांची भर. युद्धापूर्वीं ती बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. या बोलपटांत श्रेष्ठ मानलें जाणारें 'डिबुक' १९३७ सालीं पोलंडांत निघालें. मूळ नाटक अन्स्की यांचें. त्यांनीं १९१२ ते १९१४ या काळांत युक्रेनकडील खेड्यापाड्यांतून हिंडून यहुद्यांच्या लोककथा, गाणीं, समजुती गोळा केल्या होत्या. त्या पोतडींतूनच हें नाटक निघालें.

कथा आपल्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. दोन जिवलग मित्र, दोघांच्याहि बायका गरोदर. एकाला मुलगा व दुसऱ्याला मुलगी झाली तर त्यांचें लग्न लावूं, असें वचन ते एकमेकांस देतात. पुढें मुलाचा बाप मरतो. मुलीचा बाप श्रीमंत होतो आणि वचन विसरून मुलगी धनिकाच्या घरीं देऊं पाहतो. वत्सला अभिमन्यूला देऊं केलेली असतां, पांडवांचे दिवस फिरल्यावर बळरामानें तिची सोयरीक दुर्योधनाच्या घरीं जुळविली, ही कथा ज्यांनीं कीर्तनांत ऐकली आहे, त्यांना या पेंचाची जात तत्काळ ओळखूं येईल. मात्र तेथें घटोत्कच धांवून येतो; येथें कोणी येत नाहीं. गरीब विद्यार्थी गूढविद्येच्या नादानें मरतो, त्याचा आत्मा वधूच्या अंगांत संचारतो, थोर रब्बी मंत्रसामर्थ्यानें तो काढूं पाहतात आणि शेवटीं वधू देह ठेवून त्याला जाऊन मिळते.

या चित्रांतील लग्नाचा थाट, भिकाऱ्यांचें जेवण, प्रार्थनामंदिरांतील दिवे, म्हाताऱ्यांच्या टोप्या, सारें पाहतांना एक विचार मनांतून जात नाहीं. त्या वेळीं पोलंडांत सुमारे तेहतीस लक्ष यहुदी राहत होते. आठ वर्षांच्या आंत त्यांपैकीं सुमारे तीस लक्षांची हत्या झाली. रंजनासाठीं काढलेलें चित्र अशा रीतीनें एका नामशेष झालेल्या जगाचा दस्तऐवज होऊन बसलें.

दिग्दर्शक मिखाउ वाशिन्स्की यांचें चरित्रहि त्या नाटकासारखेंच. यहुदी घरांत जन्मलेल्या या गृहस्थानें कॅथॉलिक धर्म स्वीकारला, आणि युद्धानंतर रोममध्यें तो पोलिश राजपुत्र म्हणून मिरवला. त्याच्यावर २०१७ सालीं 'द प्रिन्स अँड द डिबुक' हा माहितीपट निघाला आहे. यहुदी घराचें सर्वांत अंतरंग चित्र काढणारानें स्वतःचें यहुदी घर जन्मभर झांकून ठेवावें, याला काय म्हणावें ?

एका मुलीचे दोन शेवट

शोलेम आलेखेम या यिद्दिश लेखकानें तेव्ये नांवाचा एक गवळी निर्माण केला. गरीब, बडबड्या, धर्मवचनें चुकतमाकत म्हणणारा आणि देवाशीं घरच्या माणसासारखा भांडणारा हा गृहस्थ मुलींचा बाप आहे. त्याच्या गोष्टींवरून १९६४ सालीं अमेरिकेंत संगीत नाटक झालें आणि १९७१ सालीं 'फिडलर ऑन द रूफ' हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. आडनांव असें असूनहि ते यहुदी नव्हते, आणि काम देऊं करणारांस त्यांनीं तसें स्पष्ट सांगितलें होतें. तेव्येची भूमिका इस्राएलमधील नट टोपोल यानें केली.

थोरल्या मुलीसाठीं मध्यस्थीण बाई एक पोक्त, सुखवस्तु खाटीक शोधून आणते. मुलीचें मन गरीब शिंप्यावर. बाप चिडतो, विचार करतो आणि वळतो. दुसरी मुलगी एका क्रांतिकारकाशीं लग्न ठरविते. तो तरुण बापाजवळ परवानगी मागत नाहीं, फक्त आशीर्वाद मागतो. बाप आणखी चिडतो, आणखी विचार करतो आणि पुन्हां वळतो. तिसरी मुलगी खावा ख्रिस्ती तरुणाशीं लग्न करते. येथें मात्र तेव्येचें वळणें संपतें. इतकें वळलों तर मीं मोडून जाईन, असें तो स्वतःशीं म्हणतो आणि मुलगी मेली असें समजतो. ज्या घरांत मुलीच्या लग्नावरून बाप आणि लेक यांचें बोलणें तुटलें आहे, त्या घरांतल्यांना हा प्रवेश पाहवणार नाहीं.

पुढें झारच्या हुकमानें सगळ्या यहुद्यांना गांव सोडावें लागतें. सामान गाड्यांवर चढत असतां खावा नवऱ्यासह निरोप घेण्यास येते. असा अन्याय करणाऱ्या लोकांत आम्हांलाहि राहावयाचें नाहीं, असें तीं दोघें सांगतात. बाप तिच्याकडे पाहत नाहीं. पण तोंडांतल्या तोंडांत तिला देवाच्या स्वाधीन करतो आणि थोरली बहीण ते शब्द मोठ्यानें तिच्यापर्यंत पोंचविते.

हीच कथा मॉरिस श्वार्ट्झ यांनीं १९३९ सालीं 'तेव्ये' या नांवानें यिद्दिश भाषेंत, न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर चित्रित केली होती. तींत खावा नवऱ्याचें घर सोडून रडत बापाच्या दारीं परत येते. शोलेम आलेखेमच्या गोष्टींतहि ती परत येते. मग १९७१ मध्यें ती नवऱ्याबरोबर कां जाते ? उत्तर प्रेक्षकगृहांत आहे. १९३९ सालचा प्रेक्षक युरोपांतून आलेला, आप्त अजून तिकडे अडकलेले, घराबाहेर पडलेला प्रत्येक जण शत्रूच्या तोंडीं जाणार अशा धास्तींत होता. त्याला मुलगी घरीं परतलेली हवी होती. १९७१ सालच्या प्रेक्षकाच्या घरीं अशीं लग्नें होऊं लागलीं होतीं. त्याला मुलगी तोडावी लागूं नये, असें वाटत होतें. मुलगी तीच, बाप तोच; बदलली ती पाहणाराची काळजी. समाज स्वतःविषयीं काय म्हणतो यापेक्षां स्वतःच्या कथांचे शेवट कसे पालटतो, हें पाहिलें तर त्याचें मन अधिक उलगडतें.

जें दाखवितां येत नाहीं

साठ लक्ष यहुद्यांच्या हत्येवर शेंकडों चित्रें निघालीं. त्यांतील दोन एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखीं आहेत. क्लोद लान्झमन यांचें 'शोआ' हें १९८५ सालचें चित्र नऊ तासांहून मोठें आहे. त्यासाठीं त्यांनीं अकरा वर्षें खर्चिलीं. त्यांत प्रेतांचे ढीग नाहींत, जुन्या फिल्मचा एकहि तुकडा नाहीं. आहेत तीं फक्त माणसें आणि जागा. लहानपणीं नाझींच्या हुकमावरून नदींत होडींतून गाणीं म्हणणारा शिमोन स्रेबनिक प्रौढपणीं त्याच नदीवर परत येतो. सभोंवार हिरवीं शेतें आहेत आणि तो म्हणतो, होय, हीच ती जागा. मृत्युछावणींत बायकांचे केस कापावे लागलेला न्हावी एका दुकानांत कोणाचे तरी केस कापतां कापतां बोलूं लागतो, आणि एका ठिकाणीं त्याची वाचा बंद होते. कॅमेरा हलत नाहीं. त्या स्तब्धतेंत प्रेक्षकाला जें कळतें, तें शब्दांत कळलें नसतें.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचें 'शिंडलर्स लिस्ट' १९९३ सालचें. त्याची रीत उलट. तें कथा सांगतें, नट घेतें, अश्रू आणतें. तरी त्याचा आरंभ विसरण्यासारखा नाहीं. शुक्रवारीं सांजवेळीं शब्बाथचे दिवे लावून कुटुंब प्रार्थना म्हणत आहे. चित्र रंगीत आहे. मेणबत्ती विझते, धुराची रेघ वर चढते आणि रंग नाहींसे होतात. देवघरांतील नंदादीप विझलेला पाहून ज्यांच्या काळजांत धस्स होतें, त्यांना या प्रारंभाचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. पुढच्याच वर्षीं स्पीलबर्ग यांनीं वांचलेल्या लोकांच्या साक्षी चित्रित करून ठेवणारी संस्था काढली. तिच्या संग्रहांत पन्नास हजारांहून अधिक साक्षी आहेत.

परंतु यहुदी समाजाची ओळख केवळ मरणाच्या द्वारें करून घेणें हा त्या समाजावर दुसरा अन्याय होईल. त्यांचें जगणेंहि पाहिलें पाहिजे.

आंतून उघडलेलें दार

सनातनी यहुदी नाटक-सिनेमापासून सहसा दूर राहतात. त्यामुळें त्यांचीं चित्रें बहुधा बाहेरच्यांनीं काढलीं, आणि तीं एक तर थट्टेचीं किंवा बंडाचीं निघालीं. अलीकडे हें दार कोणी कोणी आंतून उघडलें आहे. २००४ सालचें 'उशपिझिन' जेरुसलेममधील एका निर्धन, निपुत्रिक जोडप्याचें आहे. मुख्य नट शुली रँड हा धर्मनिष्ठ. परस्त्रीबरोबर पति-पत्नीचें नाटक करणें त्याच्या नियमांत बसेना, म्हणून त्याची खरी पत्नीच नायिका झाली. सुक्कोथचा सण आला आहे. या सणांत आठवडाभर पाल्यानें शाकारलेल्या मांडवांत राहावयाचें, पाहुण्यांचा सत्कार करावयाचा आणि महाळुंगाच्या जातीचें एक निर्दोष फळ विधीसाठीं आणावयाचें असतें. नवरा हातीं आलेल्या पैशांतून एक हजार शेकेलचें फळ आणतो. घरीं आलेले पाहुणे तुरुंगांतून पळालेले गुन्हेगार निघतात, आणि त्यांपैकीं एकजण तें फळ कापून कोशिंबिरींत घालतो! अतिथि देव मानावा हें खरें; पण देव असा वागूं लागला तर यजमानानें काय करावें, हा चित्राचा विषय. हंसतां हंसतां डोळ्यांत पाणी येतें.

रामा बुर्श्टीन या बाईंचें २०१२ सालचें 'फिल द व्हॉइड' तर आपल्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांनीं अवश्य पाहावें. बुर्श्टीन स्वतः सनातनी पंथांतल्या. तेल अवीवमधील एका घरीं थोरली लेक बाळंतपणांत दगावते. तान्हें मूल मागें राहतें. जावई दुसरें लग्न करून मुलाला घेऊन बेल्जियमला जाईल या भीतीनें आई हवालदिल होते आणि सुचविते कीं धाकट्या अठरा वर्षांच्या शिरानेंच मेहुण्याशीं लग्न करावें. हा प्रस्ताव आपल्याकडील जुन्या घरांतून किती वेळां निघाला असेल, आणि त्या वेळीं त्या मुलीला काय वाटलें हें किती जणांनीं विचारलें असेल !

या चित्रांत खलपुरुष नाहीं. कोणी मुलीवर हात उगारीत नाहीं. उलट रब्बी तिला पुन्हां पुन्हां विचारतात कीं तुझें मन काय म्हणतें. याच रब्बींचा एक छोटा प्रसंग मनांत राहतो. महत्त्वाचा खल चालू असतां एक म्हातारी येते. तिला नवी शेगडी घ्यावयाची आहे आणि कोणती घ्यावी हें सांगणारें कोणी नाहीं. रब्बी सगळ्यांना तसेंच ठेवून तिच्या शेगडीचा प्रश्न सोडवितात. एका समाजांत धर्मगुरूचें स्थान काय आहे, तें दहा व्याख्यानांनीं जेवढें समजलें नसतें तेवढें या एका प्रसंगानें समजतें. शिराची भूमिका करणाऱ्या हदास यारोन हिला व्हेनिसच्या महोत्सवांत उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. शेवटीं लग्न होतें. खोलींत नवरा-नवरी दोघेंच उरतात आणि ती भिंतीला पाठ टेकून उभी राहते. ती सुखी होईल कीं नाहीं हें दिग्दर्शिका सांगत नाहीं. घराची व्यवस्था लागली. मुलीचें काय झालें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

शनवारतेल्यांचें घर

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वांचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची परंपरागत समजूत आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना शनवारतेली म्हणत. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं. त्यांची मातृभाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हागादा मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत छापली गेली; मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठींत कीर्तनें झालीं; एलिया पैगंबराच्या नांवानें पोहे, खोबरें आणि फळें यांचा मलिदा अजूनहि होतो.

या समाजाचें आणि कलकत्ता-मुंबईच्या बगदादी यहुद्यांचें हिंदी चित्रसृष्टीवर फार मोठें ऋण आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत लागलेला पहिला हिंदी बोलपट 'आलमआरा' हा जोसेफ डेव्हिड या बेने इस्राएल नाटककाराच्या नाटकावर आधारलेला होता. म्हणजे अमेरिकेंत आणि हिंदुस्थानांत, दोन्हींकडे, बोलपटाच्या उंबरठ्यावर यहुदी मनुष्य उभा आहे. कुलीन हिंदू-मुसलमान घरांतील मुली पडद्यावर येण्यास धजत नव्हत्या, त्या काळीं पुण्यांत जन्मलेली रुबी मायर्स टेलिफोनच्या कचेरींतील नोकरी सोडून 'सुलोचना' झाली. मूकपटांतील आणि मग बोलपटांतील अनारकली तिनेंच केली आणि १९५३ च्या 'अनारकली'मध्यें ती सलीमची आई झाली. एस्तर व्हिक्टोरिया अब्राहम 'प्रमिला' झाली आणि १९४७ सालीं तिनें पहिल्या मिस इंडियाचा मान मिळविला. फ्लॉरेन्स इझिकिएल 'नादिरा' होऊन १९५२ च्या 'आन'मध्यें राजकन्या बनली. डेव्हिड अब्राहम चेऊलकर १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधील जॉनचाचा म्हणून घरोघरीं प्रिय झाले.

राजपुतीण, मोगल बेगम, ख्रिस्ती चाचा, सर्व कांहीं या मंडळींनीं केलें. त्यांच्या लक्षांत राहिलेल्या भूमिकांत यहुदी घर मात्र शोधून सांपडत नाहीं. हॉलिवुडमधील मंडळींनीं आपलें घर झांकलें तें भीतीनें. येथें भीतीचें कारण नव्हतें. या देशांत त्यांच्यावर यहुदी म्हणून बहुसंख्य समाजानें अत्याचार केल्याचा इतिहास नाहीं. येथें त्यांना त्यांची कथा कोणी विचारलीच नाहीं. २०१७ सालीं डॅनी बेन-मोशे यांनीं 'शालोम बॉलिवुड' हा माहितीपट काढून या नटनट्यांची आठवण जागविली, तोहि परदेशांतून. मलिदा, शब्बाथचा दिवा, मराठी हागादा आणि घाण्याचा करकर आवाज असलेलें चौल-रेवदंड्याचें घर मराठी पडद्यावर ठसठशीतपणें उभें राहावयाचें अजून राहिलेंच आहे.

आणि वेळ फार उरलेला नाहीं. १९४८ च्या सुमारास या समाजाची संख्या सुमारें वीस हजार होती. बहुतेक कुटुंबें नंतर इस्राएलला गेलीं आणि येथें आतां कांहीं हजारच उरलीं आहेत. २०१० सालच्या 'नेक्स्ट इयर इन बॉम्बे' या माहितीपटांत मुंबईच्या एका तरुण बेने इस्राएल जोडप्याची गोष्ट आहे. तीं दोघें इस्राएलमध्यें धर्मशिक्षण घेऊन, आपल्या लोकांस शिकवावें म्हणून परत आलीं आहेत; पण आपल्या मुलींना यहुदी म्हणून वाढवावयाचें तर येथें सोबती कोठून आणावे, हा त्यांचा प्रश्न आहे. वल्हांडणाच्या शेवटीं जगांतील यहुदी 'पुढील वर्षीं जेरुसलेमांत' असें म्हणतात. चित्राच्या नांवांत जेरुसलेमच्या जागीं मुंबई घातली आहे.

ज्यांच्या घरीं हीं चित्रें मिळवून पाहण्याची सोय आहे त्यांनीं मुलांमाणसांसह आरंभ 'फिडलर'पासून करावा, मग 'उशपिझिन' पाहावें. 'फिल द व्हॉइड' घरांतील बायकांनीं एकत्र पाहून त्यावर मोकळेपणानें बोलावें. 'शोआ' मुलें जाणतीं झाल्यावर, थोडें थोडें. आणि घरांत कोणी वडील मनुष्य रेवदंडा, पेण, रोहें या बाजूचें असेल तर त्याला शेजारच्या इस्राएल आळीबद्दल विचारावें. शनिवारीं बंद असणारा घाणा त्यानें पाहिला असेल, किंवा पाहणाराकडून ऐकला असेल. तें लिहून ठेवावें. उद्यां कोणी मराठी मनुष्य त्या घराचें चित्र काढावयास निघाला, तर त्याला तेवढाच आधार मिळणार आहे.